पेंबाला जाण्याआधी

बाय,

तुझा मेसेज रात्री वाचला, ऑफर लेटर पण बघितलं. मोझांबिकचा काबो देल्गादो प्रांत, पेंबा त्याचं मुख्य शहर, गॅस प्रोजेक्टच्या कॅम्पचं पर्चेस. आईला भीती वाटते ते साहजिक आहे, तिच्याशी मी बोलेन. पण तू विचारलंस ना, मोठी कंपनी आली की अशा ठिकाणी शांतता येते का, त्याचं आधी सांगतो.

नुसती कंपनी आली म्हणून काही होत नाही गं. आपल्या गोव्यातल्या सावर्ड्याकडे बघ, खाणी जोरात होत्या तेव्हा भांडणं कशावरून व्हायची, तर कुणाचा ट्रक लागला आणि कुणाचा नाही यावरून. २०१२ ला खाणी बंद, नंतर परत चालू, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली, ट्रक दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालूच. पण इथे पंचायत आहे, कोर्ट आहे, मोर्चा काढता येतो. जिथे यातलं काहीच धड चालत नाही तिथे तो राग कुठे जाणार?

काबो देल्गादोला २०१० मध्ये समुद्रात गॅस सापडला. प्रोजेक्टसाठी किटुपो गाव उठवून लोकांना किटुंडाला पक्की घरं दिली, पण मच्छीमाराला समुद्रापासून लांब नेल्यावर त्या घराचं तो काय करणार. किनाऱ्यावरची म्वानी जमातीची पोरं म्हणायची, कामं सगळी माकोंडे जमातीला नाहीतर राजधानी मापुतोवाल्यांना. ऑक्टोबर २०१७ ला मोसिंबोआ द प्राइया शहरात बंडखोरांचा हल्ला झाला, मार्च २०२१ ला प्रोजेक्टजवळच्या पाल्मावर, आणि २० अब्ज डॉलरचं काम टोटल या फ्रेंच कंपनीने थांबवलं. बंड धर्माच्या नावाने चालतं हे खरं, पण बंडखोरांना पोरं मिळतात ती या रागामुळे पण. त्या गॅसमध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, म्हणून म्हणतो हे परक्याचं प्रकरण समजू नको.

आणि पर्चेस म्हणजे नुसतं टेबलावरचं काम पण समजू नको. मी मोझांबिकच्याच बेइरा बंदरात वेअरहाऊस सांभाळायचो तेव्हा कोबी, अंडी सगळं साउथ आफ्रिकेतून यायचं, बिल नीट, माल नीट, आणि गेटवर आलेल्या बायका टोपल्या तशाच डोक्यावर घेऊन परत जायच्या. दोन वर्षं मी हे चालू दिलं, अजून लागतं मनाला. नंतर त्यांच्याकडून घ्यायला लागलो, काटा सगळ्यांसमोर ठेवला, पैसे त्याच दिवशी रोख, कारण तीस दिवसांचं क्रेडिट त्या बाईला परवडत नाही. माल कमीजास्त यायचा, साहेब ओरडायचा, पण गेटवरची रोजची भांडणं थांबली.

मालक लोक ठरवलं तर मोठं काम पण करतात, ट्युनिशियात २०१५ चं शांततेचं नोबेल ज्या चार संघटनांना मिळालं त्यात कामगार युनियनच्या बरोबरीने उद्योजकांची संघटना होती. आणि उलटं सीरियात, सिमेंटचा कारखाना चालू राहावा म्हणून लाफार्ज या फ्रेंच कंपनीने आयसिसला पैसे दिले, २०२२ ला अमेरिकेतल्या कोर्टात गुन्हा कबूल केला. तुझ्यापुढे पण कोणीतरी असा कागद आणेल, नाक्यावरचा किरकोळ खर्च म्हणून. सही करायची नाही, नोकरी गेली तरी चालेल, तिकिटाचे पैसे मी पाठवतो.

पोर्तुगीज आत्तापासून शीक, जमलं तर तिथल्या माकुआ भाषेचे चार शब्द पण. पेंबाला उतरलीस की पहिल्या आठवड्यात बघ, कॅम्पला मासळी कोण देतं, आणि आधी कोण द्यायचं. मग मला फोन कर.

तुझा काका