तारा निघाल्या, पण बोट वळत नाही

प्रश्न : दीड महिन्यापूर्वी जिन्यावरून घसरून माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचे तळव्यालगतचे हाड मोडले. शस्त्रक्रियेत घातलेल्या दोन तारा चार आठवड्यांनी काढल्या. बोट अजून निम्मेच वळते आणि एक्स-रेमध्ये भेग दिसते. घरचे म्हणतात, हाडवैद्याकडून चोळून घ्या. पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का? माझा व्यवसाय शिवणकामाचा आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : एक्स-रेमधल्या भेगेची धास्ती घेऊ नका. बोटाचे हाड बहुधा चार ते सहा आठवड्यांत हलक्या वापरापुरते जुळते, पण ती रेघ पुढे काही महिने दिसत राहते. म्हणून मोडलेल्या जागी दाबल्यावर दुखते का, यालाही आम्ही मोठे महत्त्व देतो.

तुमची अडचण बहुधा हाडाभोवतीच्या स्नायुबंधांची (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांची, म्हणजे टेंडनची) आणि सांध्याची आहे. या हाडाच्या पाठीवर बोट सरळ करणारा स्नायुबंध चादरीसारखा पसरलेला असतो, तर तळव्याच्या बाजूने बोट वळवणारे दोन स्नायुबंध एका अरुंद नळीतून सरकतात. हाड मोडल्यावर तिथे रक्त आणि सूज साचते आणि बोट स्थिर ठेवलेल्या आठवड्यांत हे सारे एकमेकांना चिकटू लागते. तारांऐवजी प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) घातली असती तर हे टळले असते, असेही मनात आणू नका. प्लेटमुळे हालचाल लवकर सुरू करता येते हे खरे, पण ती बसवण्यासाठी जागा उघडावी लागते आणि स्नायुबंध त्या प्लेटलाही चिकटू शकतो.

एक गोष्ट स्वतः पाहा. दुसऱ्या हाताने हलकेच वळवल्यावर बोट पुरते वळत असेल, पण आपणहून वळत नसेल, तर वळवणारा स्नायुबंध अडकलेला असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्रकारे वळत नसेल, तर सांधा आखडला आहे किंवा पाठीवरचा स्नायुबंध चिकटला आहे. दोन्हींवर आज उपाय व्यायामाचाच आहे. डाव्या हाताने तळव्यालगतचे पेर घट्ट धरा आणि फक्त मधला सांधा वळवा, मग सरळ करा. असे दहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा, हाताच्या उपचारांचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. व्यायामानंतर सूज वाढून दुसऱ्या दिवशीही उतरली नाही, तर जोर कमी करा. व्रणावर तेलाचा हलका हात फिरवायला हरकत नाही, परंतु बोट ओढून-पिरगाळून घेणे मात्र कृपा करून टाळा, कारण त्याने ताजे जुळलेले हाड सरकू शकते आणि सूज वाढून बोट आणखी आखडते.

चिकटलेला स्नायुबंध सोडवण्याची शस्त्रक्रिया सहसा किमान तीन महिने नेटाने व्यायाम करूनही प्रगती थांबली आणि हाड पक्के जुळले, तरच विचारात घेतली जाते. एका बाबतीत मात्र थांबू नये. बोटे हळूहळू मिटताना अनामिका शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड फिरून जुळले आहे. व्यायामाने ते सुधारत नाही, त्यामुळे हे शल्यचिकित्सकांना लगेच दाखवा. पूर्ण हात जळजळणे, कातडी चकचकीत दिसणे किंवा तारेच्या जागी पू येणे, यांसाठीही तेच.

शिवणयंत्रावर तुम्ही शल्यचिकित्सकांना विचारून आताही थोडा थोडा वेळ बसू शकाल. अनामिका मधल्या बोटाला मऊ पट्टीने बांधा, म्हणजे ती त्याच्यासोबत वळेल. जाड कापड कात्रीने कापणे मात्र हाड पक्के झाल्याचे ते सांगेपर्यंत दुसऱ्या कुणाकडे सोपवा.