राजीनाम्यातला ‘राजी’ कोण?

प्रश्न असा आला आहे: “‘मुख्यमंत्र्यांनी मंत्र्याचा राजीनामा घेतला’ हे मराठी बरोबर आहे का? आणि राजीनामा हा परका शब्द टाकून ‘त्यागपत्र’ का लिहू नये?”

आधी त्यागपत्राचा निकाल लावू. नका लिहू. न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर, चार दिवस खुर्चीला चिकटून राहून मग उठणारा माणूस त्याग कसला करतो? भाषाशुद्धीच्या चळवळीने ‘महापौर’, ‘दिनांक’ असे नेटके शब्द दिले, त्याचं ऋण आहेच. पण इथे त्या मंडळींनी शब्द शुद्ध करता करता माणसालाही शुद्ध करून टाकलं. आणि ‘नैतिकतेच्या आधारावर राजीनामा’ तर ऐकवत नाही. ‘के आधार पर’ला मराठी लुगडं नेसवलंय, झालं. आपल्याकडे नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा देतात. निदान द्यावा, अशी अपेक्षा असते.

आता शब्दाची गंमत. राजीनाम्याचा ‘राज’शी काडीचा संबंध नाही. ‘राज्यकारभार सोडल्याची चिठ्ठी’ ही व्युत्पत्ती सांगणारे विद्वान भेटतात, त्यांना चहा पाजून वाटेला लावावं. अरबी ‘रिज़ा’ म्हणजे संतोष, संमती. त्यातून राजी. त्याला फारसी ‘नामा’ जोडला की झाला संमतीचा कागद. याच ‘रिज़ा’ची बाकीची पिलावळ बघा: मर्जी, रजा, नाराज. मराठवाड्यात ज्याच्या नुसत्या उच्चाराने जुनी माणसं अजून गप्प होतात तो ‘रझाकार’ही याच घरचा, मूळ अर्थ स्वयंसेवक. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 164 प्रमाणे मंत्री राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. म्हणजे मर्जीने राहायचं, राजीनाम्याने जायचं आणि मधल्या काळात नाराज असायचं. अख्खी कारकीर्द एका धातूत बसते!

पण संमतीच्या कागदाला पद सोडण्याचा अर्थ चिकटला कसा? हिंदीत आजही राज़ीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींची तडजोड. पद सोडायला तिथे इस्तीफा. कोशकार दोन्ही अर्थ शेजारी मांडतात आणि पुढे सरकतात, जणू मधली वाट आपोआप उगवली. माझ्या मते ती वाट शेतातून जाते. ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात ‘राजीनामा-कबुलायत’ अशी जोडगोळी असे. जमीन सोडणाऱ्याने राजीनामा लिहून द्यायचा, म्हणजे मी स्वखुशीने सोडतो. घेणाऱ्याने कबुलायत लिहायची, म्हणजे सारा (जमिनीवरचा कर) मी भरीन. जमिनीवरून शब्द खुर्चीवर गेला. गुजराती, कन्नड, तेलुगू आणि तमिळमध्येही पद सोडणं म्हणजे राजीनामाच. पार मराठ्यांचं राज्य असलेल्या तंजावरपर्यंत! हा नकाशा मराठी दप्तर जिथे जिथे चाललं त्या नकाशाशी इतका जुळतो, तो योगायोग मानायला मी तरी राजी नाही.

आणि कायद्याला हा ‘राजी’ आठवावा लागला, हे त्याहून सुरेख. 1974 साली गुजरातेत नवनिर्माण आंदोलनात आमदारांना घेराव घालून, धमकावून राजीनामे लिहून घेतले गेले. मग त्याच वर्षी 33वी घटनादुरुस्ती झाली: राजीनामा स्वेच्छेचा किंवा खरा नाही असं चौकशीअंती वाटलं, तर सभागृहाच्या अध्यक्षांनी तो स्वीकारू नये. 2019 च्या जुलैत कर्नाटकचे राजीनामा दिलेले आमदार मुंबईच्या हॉटेलात मुक्कामाला होते, आणि तिकडे बंगळुरूत अध्यक्ष त्यांचा राजीपणा तपासत बसले होते.

उलटी गोष्टही झाली आहे. 1951 मध्ये हंगामी (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या) संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची तळी उचलल्याचं उघड झालं. नेहरूंनी हकालपट्टीचा ठराव आणला. मुदगलांनी मतदानाआधीच राजीनामा दिला. सभागृह बधलं नाही: हे सदस्य हकालपट्टीलाच पात्र होते आणि राजीनामापत्राची भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, असं ठरावातच नोंदवलं. अशा कागदाला कोणी त्यागपत्र म्हणून दाखवावं.

हां, ‘राजीनामा घेतला’ राहिलंच. व्याकरणाला चालतं, अर्थाला खटकतं; तरी रूढ झालंय, लिहा. मात्र मुख्यमंत्र्यांनी खरंच हाकललं असेल तर ‘बडतर्फ केलं’ म्हणा. सध्या सगळे हिंदीवरून मंत्र्याला ‘बरखास्त’ करत सुटलेत. मराठीत सभा बरखास्त होते, विधानसभा बरखास्त होते. माणूस बडतर्फ होतो.