कुठेतरी माशी मुरतेय

प्रश्न असा की ऑफिसातला एकजण फाईल अडली की हमखास "कुठेतरी माशी मुरतेय" म्हणतो, तर याला काही नाव आहे का, आणि ही नुसती चूक समजायची की नवा वाक्प्रचार?

नाव आहे, पण इंग्रजीत. मॅलाफर. मॅलाप्रॉपिझम (म्हणजे सारख्या उच्चाराचा भलताच शब्द वापरणं) आणि मेटाफर (रूपक) हे दोन शब्द एकमेकांना चिकटवून लॉरेन्स हॅरिसन यांनी १९७६ साली वॉशिंग्टन पोस्टमधल्या लेखात तो शब्द वापरला, म्हणजे नावसुद्धा जोडकामच. आमच्या घरी आपलं साधं "म्हणींची मिसळ" म्हणतात.

आता तुमची माशी. माशी शिंकली म्हणजे ऐनवेळी काम फिसकटलं, आणि पाणी मुरतंय म्हणजे आत काहीतरी काळंबेरं आहे. दोन्हींच्या आधी "कुठेतरी" येतं, तिथपर्यंत गाडी बरोबर असते आणि मग सांधा बदलतो. मला तर मुरणं म्हटलं की आधी लोणच्याची बरणीच दिसते, त्यात माशी, म्हणजे बघा! "तोंडाला पानं सुटली" हे तसंच. पानं पुसली आणि पाणी सुटलं, दोन्हीकडे "तोंडाला पा" एवढं सेम, पुढे जीभ कुठे जाईल ते नशीब. आणि "नाचता येईना ओली लाकडं" तर ऐकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही, कारण वाकडं-लाकडं यमक बसलेलंच असतं, रांधता येईना आणि अंगण दोन्ही मधल्यामधे गायब झालेत हे कोण बघतोय.

काही वेळा मात्र मिसळ मूळ पदार्थापेक्षा भारी लागते. माझ्या मावसभावाने एक नोकरी सोडून दुसरी धरली आणि ती पहिलीपेक्षा वाईट निघाली, तेव्हा मावशी म्हणाली, "आगीतून उठून विहिरीत पडलास रे बाबा." फुफाटा गेला, "इकडे आड तिकडे विहीर" मधली विहीर आली. तो म्हणाला, "विझलो तरी असेन मग!" तेव्हापासून आमच्याकडे हीच म्हण चालते.

चूक की नवं? अहो, आपण सगळे "कानाडोळा" बिनदिक्कत म्हणतो ना, त्यात कानाचा काही संबंध नाही. मूळ काणाडोळा, काणा म्हणजे एका डोळ्याने अधू, तर एक डोळा मिटून घेणं असा भाव. ण चा न झाला आणि लोकांना त्यात कान दिसायला लागला. तो बसला, कुणी हटकत नाही. माशी मुरेल का ते तुमच्या ऑफिसातले बाकीचे किती वेळा म्हणतात त्यावर आहे. परीक्षेत मात्र लिहू नका, मार्क जातील.

मी स्वतः मागे एका मीटिंगमध्ये "घोडं गंगेत पेंड खातंय" असं ठोकून दिलं होतं. कुणी हसलं नाही, उलट एकाने ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं.