मोठ्या फांद्यांना पावसाच्या तोंडावर करवत लावू नका

प्रश्न (देवगड तालुक्यातील बागायतदार): हापूसची कलमं चाळीस वर्षांची आहेत, फार उंच गेलीत. आंबा उतरून झाला, गडी हाताशी आहेत. पावसाआधी मोठ्या फांद्या तोडून घेऊ का? शेजारच्या बागेतली छाटलेली दोन कलमं भिरुडाने (खोड पोखरणाऱ्या किडीने) मेली, म्हणून धास्ती वाटते.

उत्तर: धास्ती रास्त आहे. गडी मिळतात म्हणून छाटणी उरकायचा मोह होतो, पण जाड फांद्यांसाठी ही वेळ चुकीची. भिरुडाचे भुंगे पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेर पडतात आणि सालीच्या भेगांत, जखमांत अंडी घालतात. ताजा काप म्हणजे त्यांना आयतीच जागा. अळी एकदा आत शिरली की महिनोन् महिने खोड पोखरते, आणि वरून कलम हिरवंगार दिसतं.

आत्ता फक्त वाळक्या काटक्या, आत घुसलेल्या बारीक फांद्या आणि बांडगूळ काढा. मोठी छाटणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस थांबल्यावर करा. पुढच्या पावसापर्यंत सहा-सात महिने मिळतात, तोवर कापाच्या कडेने साल भरून येऊ लागते. सगळी बाग एकदम छाटू नका; छाटलेलं कलम दोन-तीन वर्षं नीट फळ देत नाही, घर कशावर चालवाल?

फांदी कोयत्याने तोडू नका. करवतीने आधी खालून थोडा काप घ्या, मग वरून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. कापावर त्याच दिवशी बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. सावली गेल्यामुळे उघड्या पडलेल्या खोडाला चुना फासा. उन्हाने साल तडकली की तिथेही भुंगा येतो. तोडलेली लाकडं बागेत रचून ठेवू नका, भिरूड त्यांतही वाढते. छाटणीनंतरच्या कोवळ्या पालवीवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, म्हणून दाट फुटवे विरळ करा.

आज मात्र एक काम कराच. शेजारी भिरूड आहे, तेव्हा प्रत्येक कलमाच्या बुंध्याशी वाकून बघा. लाकडाचा भुसा पडलेला किंवा सालीतून चीक गळताना दिसला, तर तिथली साल पटाशीने खरवडून छिद्र शोधा, आकडा केलेली तार आत घालून अळी ओढून काढा. पांढरट, बोटाएवढी जाड असते. मग छिद्र चिखलाने लिंपा. आठ दिवसांनी परत बघा. नवा भुसा पडला असेल तर आत अजून अळी आहे.