हातात घेऊ नका, वजन मात्र घ्या

प्रश्न : डॉक्टर, माझ्याकडे व्हेल्ड कॅमेलिऑनची (रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात) मादी आहे, अडीच वर्षांची. मध्यंतरी तिचे पुढचे पाय वाकडे दिसायला लागले, फांदी नीट पकडता येईना, किडा दिसला की तोंड उघडते पण जीभ बाहेर फेकलीच जात नाही. व्हेटनी एक्स-रे काढला, मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होण्याचा आजार आहे म्हणाले, रक्तात युरिक ॲसिड वाढलंय म्हणजे किडनीलाही त्रास असू शकतो असंही म्हणाले. औषधं चालू आहेत. मी रात्री उठून उठून टॉर्च मारून बघते, दिवसा जमेल तेवढा वेळ तिला हातावर घेऊन बसते म्हणजे तिला एकटं वाटू नये. घरचे म्हणतात एका सरड्यासाठी एवढं काय. ती बरी होईल का? आणि मी अजून काय करू?

उत्तर : आधी बरी होण्याचं बोलू. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही, पण कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण, पिंजऱ्यात खास दिव्यातून मिळतात) नीट मिळायला लागलं की आजार थांबू शकतो आणि वाकड्या पायांनीही कॅमेलिऑन व्यवस्थित जगतात. किडनीचं तसं नाही, एकदा गेलेला भाग परत येत नाही, त्यामुळे व्हेटना स्पष्ट विचारा की किडनी किती खराब आहे आणि रक्त परत कधी तपासायचं, पुढचं सगळं त्यावर आहे. अजून एक विचारा, पोटात अंडी आहेत का. व्हेल्डची मादी नर नसतानाही अंडी धरते आणि त्यात तिच्या हाडातलं कॅल्शियम जातं. अंडी असतील तर ओलसर माती-वाळूचा साधारण ३० सेंमी खोल डबा लागेल, उकरलं तरी बीळ ढासळणार नाही इतपत दाबलेला.

आता तुम्हाला न आवडणारं सांगतो. हातावर घेणं आजपासून बंद. कॅमेलिऑन एकटं राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत लागत नाही, आणि तुमचा हात तिच्या लेखी आपल्याला धरणारा कुणीतरी मोठा प्राणी, बस. ती शांत बसलेली दिसते ना, ते बऱ्याचदा अंगात पळायची ताकद नाही म्हणून. वर हाडं मऊ झालेली, धरताना पाय मोडू शकतो. टॉर्चही बंद. रात्री ती फिकट पडते, डोळे मिटते, ते नॉर्मल आहे, तिला बारा तास गुडूप अंधार हवा. दिवसाउजेडी डोळे मिटून बसली तर मात्र लगेच फोन करायचा.

मग करायचं काय, तर पिंजरा. ती पडणार हे धरून चाला, फांद्या खाली आणा, आडव्या आणि खडबडीत ठेवा, तळाला टॉवेल अंथरा. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते, लोक फांद्या खाली आणतात आणि यूव्हीबीचा दिवा वरच राहतो. अंतर वाढलं की यूव्हीबी झपाट्याने कमी होतं, म्हणून दिवाही त्या हिशोबाने खाली घ्या, पण ऊब देणाऱ्या बल्बने भाजणार नाही एवढं अंतर सोडून. मधे काच असेल तर ती काढा, काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही. आणि दिवा जुना असेल तर बदला, उजेड छान पडत असतो पण कंपनीप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी उतरलेलं असतं.

खाण्याच्या आधी पाणी. वाटीतलं पाणी तिला बहुतेक कळतच नाही, पानांवर फवारा मारा, चाटली नाही तर सिरिंजने ओठाच्या कडेला एकेक थेंब सोडा, ती स्वतः गिळेल एवढाच. जबडा उघडून आत ढकलायचं नाही, श्वासनलिकेचं तोंड तिथेच असतं, पाणी फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया, आणि मऊ जबडा तर जोर लावला की मोडतोच. हाताने भरवायची वेळ आली तर व्हेटकडून समोर बसून शिकून घ्या. किडा चिमट्यात धरून अगदी तोंडाजवळ न्या, जीभ चालत नसली तरी काही जणी जबड्याने उचलतात. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी३ आणि व्हिटॅमिन ए मनाने वाढवू नका, जास्तीच्या डी३ने किडनीची अजून वाट लागते.

दर आठवड्याला ग्रॅमचा काटा घ्या, त्यावर एक फांदी ठेवा, शून्य करा, ती आपली आपण चढली तर बरंच, आकडा वहीत लिहा. शेजारी शीचा पांढरा भाग (ती तिची घट्ट लघवी असते) कसा होता तेही लिहा, पांढरा असेल तर ठीक, नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय. कॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो, रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, वहीतल्या आकड्यांत तो आधी दिसतो. घरच्यांशी वाद घालू नका, त्यातल्या एकाला सकाळचा फवारा मारायचं काम द्या, निदान तेवढा वेळ तुम्हाला झोप मिळेल.

आणि थांबायचं कधी, ते डोकं शांत असताना आत्ताच लिहून ठेवा. उपचार चालू असूनही वजन घसरतंय, दिवसभर डोळे मिटलेले, फांदी धरवत नाही, पाणीही घेत नाही, हे सगळं एकत्र आलं तर तिला शांतपणे मरण देण्याबद्दल व्हेटशी बोलायचं. आधी भूल आणि मग इंजेक्शन, हीच पद्धत. फ्रीझरमध्ये ठेवलं की दुखत नाही असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, तो छळ आहे.

प्रश्न : आमचा सहा वर्षांचा पँथर कॅमेलिऑन परवा गेला. मुलगा दहा वर्षांचा आहे, सारखं विचारतो, माझ्यामुळे मेला का? काय सांगू?

उत्तर : सहा वर्षं म्हणजे पँथरचं म्हातारपणच, हे त्याला सरळ सांगा. "झोपला" वगैरे म्हणू नका, मेला असंच म्हणा. नेमकं कारण हवं असेल तर पोस्टमॉर्टेम होतं, पण त्यासाठी शरीर फ्रीजमध्ये ठेवून लवकरात लवकर न्यावं लागतं, फ्रीझरमध्ये गोठवलं की पेशी फुटतात आणि तपासणीला फारसं काही उरत नाही. पिंजरा जंतुनाशकाने धुवा, जुन्या फांद्या टाकून द्या, धुणाऱ्याने साबणाने हात धुवायचे कारण साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. नवीन प्राणी एवढ्यात आणू नका, मुलगा स्वतःहून मागेल तेव्हा बघू.