प्लांट थांबवता येत नाही, मग लीन करायचं कुठं?

प्रश्न: नमस्कार सर, आमचा पॉलिमरचा प्लांट आहे, 24 तास चालू. कंपनीने लीनचं, म्हणजे कामातलं वाया जाणं कमी करायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग ठेवलं पण सगळी उदाहरणं गाड्यांच्या असेंब्लीची, प्रॉब्लेम दिसला की दोरी ओढा आणि लाइन थांबवा म्हणे, आमचे ऑपरेटर हसायलाच लागले. आता वरून 5एसचे (जागा आवरून, सामान नीट लावून ठेवायची पद्धत) बोर्ड लावा म्हणून मागे लागलेत. आमच्यासारख्यांना याचा खरंच उपयोग आहे का?

उत्तर: आहे, पण बोर्डांनी सुरुवात नको. ऑपरेटर हसले ते बरोबरच हसले, रिअ‍ॅक्टर काही असेंब्ली लाइन नाही. टोयोटाचे इंजिनिअर तायची ओहनोंनी ही पद्धत बसवली ती सुट्या पार्ट्सच्या कामात, तिथं साचलेला माल आणि माणसांची पायपीट डोळ्यांना दिसते. तुमच्याकडे माल आधीच वाहतोय, माणसं मोजकी, जे वाया जातं ते पाइप आणि टँकच्या आत.

माझं ऐकाल तर आधी ग्रेड चेंज धरा, म्हणजे एका प्रकारच्या मालावरून दुसऱ्यावर जाणं. फीड (आत जाणारा कच्चा माल) बदललं कधी, माल स्पेकमध्ये (ठरलेल्या दर्जात) आला कधी, सॅम्पल लॅबला गेलं कधी, रिपोर्ट आला कधी आणि व्हॉल्व्ह चांगल्या टँकवर फिरवला कधी, या पाच वेळा दर चेंजला लिहून ठेवा. बऱ्याचदा असं दिसतं की माल केव्हाच चांगला झालाय पण सॅम्पल लॅबच्या रांगेत पडलंय आणि तोवर चांगला माल ऑफ-स्पेकच्या टँकमध्ये चाललाय! तिथं ट्रान्झिशनच्या (ग्रेड बदलतानाच्या) सॅम्पलला पहिला नंबर द्या, खर्च काहीच नाही. मग ग्रेडचा क्रम ठरवा, जवळच्या ग्रेडवरून जवळच्या ग्रेडवर, फिरून परत पहिल्यावर, याला प्रॉडक्ट व्हील म्हणतात. सेल्सवाले अर्जंट ऑर्डर घेऊन मध्ये घुसणारच, त्यासाठी प्रत्येक ग्रेडचा थोडा स्टॉक हिशेब करून ठेवायचा.

दुसरं, ओईई काढा, म्हणजे प्लांटच्या पूर्ण क्षमतेच्या किती टक्के चांगला माल खरंच निघतो ते. समजा अव्हेलेबिलिटी (प्लांट चालू राहिलेला वेळ) 90, परफॉर्मन्स (चालण्याचा वेग) 92, क्वालिटी (चांगला निघालेला माल) 96 टक्के, वेगवेगळे बघितले तर झकास वाटतात, गुणाकार केला की 80 सुद्धा भरत नाही. यातला परफॉर्मन्स जास्त फसवतो, हीट एक्स्चेंजर चोक होत जातो, लोड हळूहळू कमी करत नेतात आणि लॉगबुकात मात्र “प्लांट नॉर्मल”.

दोरीचं म्हणाल तर ती ओढायची म्हणजे प्लांट बंद करायचा असं नाही, रीडिंग सरकायला लागलं की त्याच शिफ्टला इंजिनिअर आणि मेंटेनन्सवाला तिथं आले पाहिजेत, अलार्म वाजायची वाट बघत बसायची नाही. 5एस करायचंच असेल तर पॅकिंग आणि मेंटेनन्स शॉपमध्ये करा, तिथं ते लगेच कामाला येतं.