विम्याचे पैसे आले, पण घरावर अजून ताडपत्रीच

"ताई, आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. मे महिन्यातल्या वादळात परसातल्या आंब्याची मोठी फांदी घरावर आली. स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांवरची कौलं, रिपा आणि काही वासे गेले. पावसाळा ताडपत्रीखाली काढला. घराचा विमा ह्यांनी उतरवला होता. सर्व्हेअरने 1 लाख 95 हजारांचा खर्च धरला. छप्पर जुनं म्हणून किमतीतली घट, म्हणजे घसारा, कापून 1 लाख 40 हजार खात्यात जमा झाले. उरलेले 55 हजार दुरुस्तीची बिलं दिल्यावर मिळतील, असं कंपनीचं पत्र आहे. हे म्हणतात, पाऊस गेला, आता मेपर्यंत घाई कसली? पैसे मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला आणि होस्टेलला घालू. ओळखीचा दुकानदार बिलं द्यायला तयार आहे, म्हणजे 55 हजारही येतील. सासूबाई म्हणतात, 'मी असेपर्यंत घरावर कापड नको गो.' घर सामाईक आहे. मुंबईच्या थोरल्या दिरांना पैसे आल्याचं अजून सांगितलेलं नाही. आम्ही चोरी करतोय का?"

तुमच्या पत्रात दोन रकमा आहेत आणि त्या एकाच पारड्यात घालू नका. आधी 1 लाख 40 हजारांचं बोलू. ही चोरी नाही. फांदी खरोखर पडली, सर्व्हेअरने ती डोळ्यांनी पाहिली, तुम्ही हप्ता भरला होता आणि कंपनीने जुन्या छपराची घसारा वजा जाता जी किंमत होते ती दिली. झालेल्या नुकसानीची ही भरपाई आहे. घरावर बँकेचं कर्ज असतं तर त्या पैशावर आधी बँकेचा हक्क आला असता. तुम्ही कर्जाचा उल्लेख केलेला नाही, तेव्हा ते नाही असं धरते. तरीही पॉलिसीचा कागद आणि कंपनीचं पत्र एकदा शांतपणे वाचून काढा. पैसे दुरुस्तीलाच वापरावेत अशी अट असेल तर ती पाळावीच लागेल.

55 हजारांची गोष्ट वेगळी आहे. छप्पर नव्याने घालायला जुन्या छपराच्या किमतीपेक्षा जास्त पैसे लागतात, हे कंपनीला मान्य असतं. म्हणून वरचा फरक ती देते, पण प्रत्यक्ष खर्च झाल्यावरच. अशा पॉलिसींमध्ये बहुधा नुकसान झाल्यापासून 12 महिन्यांत काम पुरं करण्याची अट असते. म्हणजे तुमच्यासाठी मेची मुदत नुसती पावसाची नाही. काम न करता दुकानदाराची बिलं लावून हे पैसे उचलले तर ती सरळ फसवणूक आहे. इथे मी तुमच्या यजमानांच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. सर्व्हेअर पुन्हा बघायला आला तर नाव तुमचं जाईल, दुकानदाराचं नाही. आणि पुढे कधी खरोखर संकट आलं, तर त्या दाव्याकडे कोण विश्वासाने बघेल? त्या दुकानदाराला आजच नको म्हणून सांगा.

आता घराकडे वळू. मेपर्यंत घाई नाही हे म्हणणं मला पटत नाही. आपल्याकडे घर शाकारायची वेळ एप्रिल-मेचीच, पण ती नुसती कौलं चाळायची. तुमच्याकडे लाकूड बदलायचं आहे. मे उजाडला की सगळ्या गावाला एकाच वेळी सुतार हवा असतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा ताडपत्री आणि पत्र्यासाठी माणसं कशी वणवण फिरली हे तुमच्या तालुक्याला सांगायला नको. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. पाऊस जूनमध्येच येतो यावर हल्ली भरवसा ठेवता येत नाही.

शिवाय ताडपत्रीखाली लाकूड सुकत नाही, कोंदटतं. एक करा. दुपारच्या उजेडात शिडी लावून, जे वासे वरून धड दिसतात त्यांना भिंतीत बसतात तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचून बघा. टोक अडलं तर वासा शाबूत आहे. लोण्यात गेल्यासारखं आत गेलं किंवा मातीची बारीक नळी दिसली, तर लाकूड कुजतंय किंवा वाळवी लागली आहे, आणि ते मेपर्यंत थांबणार नाही. चिऱ्याची भिंत मातीत रचलेली असेल तर वरून पाणी मुरून तीही पोकळ होते. हयगयीने वाढलेलं नुकसान कंपनी भरून देत नाही. आणि पुढच्या वादळात तेच छप्पर पुन्हा पडलं, तर एकदा भरपाई दिलेल्या कौलांचे पैसे दुसऱ्यांदा मिळत नाहीत.

पण सगळं 1 लाख 95 हजारांचं काम आत्ताच केलं पाहिजे असंही नाही. छप्पर आणि त्याखालचं लाकूड आधी. गिलावा, रंग, पडवीतली फरशी वर्ष-दोन वर्षं थांबली तरी घराला धोका नाही. कौलं नवीच हवीत असंही नाही. तालुक्यात जुनी घरं उतरवतात, तिथली मंगलोरी कौलं चांगल्या हालतीत मिळतात. सुताराकडून फक्त छपराचा खर्च वेगळा लिहून घ्या. तो 1 लाख 40 हजारांच्या आत बसला, तर जे उरेल ते मुलाच्या फीला घाला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. खर्च त्यापलीकडे गेला, तर वरचे पैसे खऱ्या बिलांवर त्या 55 हजारांतून मिळतील.

फीची काळजी मला कळते. तुमचे यजमान पैशाचे लोभी आहेत असं मला वाटत नाही, फीची तारीख त्यांना झोपू देत नसावी. त्यांना घरावरून बोल लावू नका. त्यापेक्षा दोघं बसून मुलाची शिष्यवृत्ती तपासा. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून त्याला जागा मिळाली असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून खुल्या गटातल्या मुलांची निम्मी शिक्षणशुल्क भरली जाते. बाकी प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर होतो. अर्ज केला आहे का, हे मुलाला विचारा. पोरं बऱ्याचदा अर्धा भरून सोडतात. उरलेल्या फीसाठी कॉलेजला हप्ते पाडून मागा. लागलंच तर शैक्षणिक कर्ज काढा. ते मुलगा कमवायला लागल्यावर फेडता येतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझं मन त्या ओळीपाशीच अडकलं. त्यांनी पैसे कोणाचे हे विचारलेलं नाही. पावसाळाभर त्या ताडपत्रीखाली राहिल्या आणि डोक्यावर छप्पर एवढंच मागताहेत. घरावर त्यांचा हक्क कागदाने असो वा नसो, त्यांचं म्हणणं सर्वात आधी ऐकायचं.

आणि दिरांना सांगाच. हप्ता ह्यांनी भरला असला तरी घर दोघांचं आहे. उद्या घरपट्टीच्या असेसमेंट उताऱ्यावरून किंवा वाटणीच्या वेळी विम्याचा विषय निघाला, तर तेव्हा कितीही खरं बोललात तरी ते खोटं वाटेल. तुम्ही फोन करू नका, ह्यांनीच भावाला करावा, आणि काम सुरू व्हायच्या आधी: "दादा, विम्याचे 1 लाख 40 हजार आलेत. छपराला सुतार इतके सांगतो. काम झाल्यावर काही उरलं तर पोराच्या फीला घ्यावं म्हणतो, तुझं काय मत?" ते हो म्हणतील किंवा अर्धं मागतील. अर्धं मागितलं तर छपराच्या खर्चाचाही अर्धा वाटा त्यांचाच, हे त्याच फोनवर बोलून घ्या आणि नंतर व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून ठेवा. कौलं घालायची की पत्रा, हेही तेव्हाच विचारून घ्या.